डलहौसीबाईंचं फूल

मे महिन्यात आमच्या महाराष्ट्र मंडळाची सहल कॉर्नवॉलच्या बागा पाहायला गेली होती. इंग्लंडच्या नकाशावर खाली डाव्या हाताला समुद्रात घुसलेलं जे टोक दिसतं, ते कॉर्नवॉल. बसमध्ये चकलीचे डबे फिरत होते, आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि ऊन कोवळं होतं. एका बागेत उतारावरच्या वळणाशी सगळे थबकले. हातभर उंचीवर पांढरट पिवळी, लिलीसारखी लांब तोंडाची फुलं लटकत होती आणि लिंबाच्या सालीसारखा वास दरवळत होता. खाली खोचलेल्या काळ्या पाटीवर नाव होतं : ऱ्होडोडेंड्रॉन डलहौसिए. आमच्यातल्या एका साताऱ्याच्या काकूंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "हा मेला इथंही आला का?"

तिथे सगळे हसले, पण परतीच्या बसमध्ये वाद पेटला. नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी म्हणाली, हा सगळा लुटीचा माल आहे, आपल्याच घरातलं सामान आपण तिकीट काढून पाहून आलो. पुढच्या सीटवरचे निवृत्त डॉक्टरकाका म्हणाले, "अगं बाळा, फुलाला देश नसतो. बागेत तरी राजकारण आणू नका." मग दोन तास निम्मी बस तिच्या बाजूने आणि निम्मी काकांच्या बाजूने. मी दोन्हीकडचं ऐकत होतो आणि दोन्ही बाजूंनी हुज्जत फार वाईट घातली जातेय असं मनात येत होतं. हा वाद आमच्या बसपुरता नाही. २०२० साली जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेने आपल्या ताब्यातल्या ९३ वास्तूंचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी काय संबंध होता याचा अहवाल काढला, तेव्हा ब्रिटनभर हेच दोन आवाज याच पट्टीत ऐकू आले होते. एका बाजूला लूट, दुसऱ्या बाजूला 'आमच्या बागांना हात लावू नका'. मधे कोणी बोलायला तयार नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या बागा जरूर पाहाव्यात, पुन्हा पुन्हा पाहाव्यात. त्या चोरीच्या नाहीत. पण त्या निरागसही नाहीत. तिथे जे देणं थकलं आहे ते रोपांचं नाही, नावांचं आहे. आणि ते फेडायला झाड उपटावं लागत नाही, पाटी बदलावी लागते.

आता हे झाड इथे तगलंच कसं, ते पाहू. कॉर्नवॉलला तिन्ही बाजूंनी समुद्र. अटलांटिकचा उबदार प्रवाह किनाऱ्याजवळून जातो, त्यामुळे उरलेलं इंग्लंड जानेवारीत कुडकुडत असतं तेव्हा इथे दक्षिण किनाऱ्यावरच्या घळींमध्ये दव गोठवणारी कडक थंडी क्वचित पडते. उन्हाळाही तापत नाही. पाऊस भरपूर, माती आम्लधर्मी, हवेत कायम ओल. सात-आठ हजार फुटांवर, दार्जिलिंगच्या धुक्यात वाढलेल्या झाडाला याहून वेगळं काय हवं असतं? हेल्फर्ड नदीच्या मुखाशी ट्रेबा आणि ग्लेनडर्गन या दोन बागा शेजारी-शेजारी आहेत. दोन्ही म्हणजे समुद्राकडे उतरत जाणाऱ्या घळी. वरून पाहिलं की झाडांचे शेंडे दिसतात आणि खाली पोहोचलं की पाणी. कोकणातल्या एखाद्या वाडीतून पाखाडी उतरून खाली यावं तसं. फक्त माडांच्या जागी ऑस्ट्रेलियाचे वृक्ष-नेचे, न्यूझीलंडचे नेचे आणि हिमालयातले बुरांश, म्हणजेच ऱ्होडोडेंड्रॉन. या बागांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे समुद्रावरून येणारा खारा वारा. तो अडवायला माळ्यांनी काठावर कॅलिफोर्नियातल्या माँटेरी पाइन आणि सायप्रसच्या रांगा लावल्या. म्हणजे परदेशी झाडं जगवायला परदेशी झाडांचीच भिंत. कॉर्नवॉलच्या टोकापलीकडच्या ट्रेस्को बेटावरच्या बागेने हे फार सोसलं आहे. तिथे १९८७च्या जानेवारीत बर्फाने झाडं मारली आणि १९९०च्या वादळाने ही वारा अडवणारी भिंतच बहुतेक आडवी केली. ती बाग पुन्हा उभी राहिली आहे. इथल्या बागेत निसर्ग म्हणून जे दिसतं त्यातला बराचसा भाग माणसाची जिद्द आहे, हे लक्षात ठेवावं.

तर आता त्या मुलीचं म्हणणं. ते तिने मांडलं त्याहून किती तरी भक्कम करून मांडता येतं आणि ते मांडायलाच हवं. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात आला तो नव्या गव्हर्नर जनरलच्या लवाजम्यासोबत, त्यांच्याच जहाजातून. साल १८४८. गव्हर्नर जनरलचं नाव लॉर्ड डलहौसी. त्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केलं. पुढे नागपूर, झाशी. ज्या वर्षी साताऱ्यावर तो शिक्का पडला, त्याच वर्षी दार्जिलिंगजवळ ओक वृक्षांच्या फांद्यांवर वाढणारं एक देखणं फूल हूकरला सापडलं आणि त्याने ते गव्हर्नर जनरलच्या पत्नीच्या चरणी वाहिलं. काकूंच्या तोंडून निघालेलं वाक्य थट्टेचं होतं, पण इतिहासाला धरून होतं. हूकरने नावं दिलेल्या इतर बुरांशांची यादी पाहा : फॉल्कनर हा सहारनपूरच्या कंपनी-बागेचा अधीक्षक, हॉजसन हा नेपाळच्या दरबारातला माजी रेसिडेंट, थॉमसन हा कंपनीचा डॉक्टर. बागेतून फिरताना तुम्ही कंपनी सरकारची नोकर-यादी वाचत असता.

याहून गंभीर गोष्ट पुढच्याच वर्षीची. १८४९ साली हूकर आणि दार्जिलिंगचा अधिकारी कॅम्पबेल सिक्कीममधून, तिथल्या दरबाराच्या मनाविरुद्ध, तिबेटच्या सरहद्दीपर्यंत जाऊन आले. सिक्कीमच्या दिवाणाने दोघांना काही आठवडे अटकेत ठेवलं. सुटका झाल्यावर कंपनीने या अपमानाचं उट्टं काढलं. १८५०मध्ये सिक्कीमचा तराईचा पट्टा खालसा झाला आणि दार्जिलिंगच्या बदल्यात राजाला मिळणारी वार्षिक रक्कम बंद झाली. फुलांचा अभ्यास करायला निघालेल्या माणसाच्या पायवाटेने फौज आली आणि जमीन गेली. एवढं समजल्यावर 'फुलाला देश नसतो' हे वाक्य जिभेवर जड व्हायला हवं. काकांना मी बसमध्ये हे सांगितलं नाही, कारण ते तेव्हा घोरत होते.

खरोखरची ओरबाडही झाली आहे. खासी टेकड्यांतलं निळं ऑर्किड, व्हँडा सेरुलिया, हूकरने लंडनजवळच्या क्यू या सरकारी बागेसाठी सात माणसांच्या ओझ्याइतकं गोळा केलं आणि त्यातलं फारच थोडं जिवंत इंग्लंडला पोचलं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. एका साहेबाच्या माळ्याने एकच ओझं नेलं, त्याचे लंडनच्या बाजारात तीनशे पौंड झाले, हेही त्यानेच लिहिलं आहे. हे बी नव्हतं. झाडावरून सोलून काढलेली जिवंत रोपं होती. पुढे हे ऑर्किड इतकं दुर्मिळ झालं की कित्येक वर्षं त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत ठेवावं लागलं. आणि बागांना पुरलेला पैसा? कॉर्नवॉलमधल्याच पेन्झान्सजवळच्या ट्रेंगवेन्टन या बागेची जागा १८१४ साली रोज प्राइस नावाच्या माणसाने घेतली. त्याचं उत्पन्न जमैकातल्या उसाच्या मळ्यांचं, म्हणजे गुलामांच्या श्रमाचं. त्याने तिथे भिंतींनी वेढलेली भाजीबाग बांधली. हिवाळ्याचं तिरपं ऊन पडावं म्हणून तिचे वाफे उतरते केले आणि तिचं मोजमाप, असं सांगतात, बायबलमधल्या नोहाच्या तारवाचं घेतलं. प्रलयातून सगळ्या प्राण्यांना वाचवणाऱ्या त्या तारवाचं माप, आणि पैसा माणसं विकत घेऊन कमावलेला!

इतकं सगळं मान्य केल्यावर 'लूट' हा शब्द मान्य करायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती शब्दापुरती नाही. कोहिनूर नेला तेव्हा तो लाहोरहून गेला. जो इथे आहे तो तिथे नाही. बियाण्याचं तसं नसतं. डलहौसीबाईंच्या नावाचं फूल कॉर्नवॉलमध्ये उमललं म्हणून सिक्कीमचा डोंगर ओस पडला नाही. ते आजही तिथल्या ओकवर उमलतं. बी दिल्याने सरत नाही, हे तर शेतकऱ्याला सांगायला नको. पेरणीला बी नसेल तर शेजाऱ्याकडून मागून आणायची आपल्याकडची रीतच होती. व्हँडाच्या बाबतीत लूट झाली, तराईच्या बाबतीत लूट झाली, जमैकात तर त्याहून भयंकर काही झालं. पण या तिन्ही गुन्ह्यांना आणि मूठभर बियाण्याला एकाच शब्दात कोंबलं की गुन्हा मोठा होत नाही, पुसट होतो. जिथे सगळंच चोरीचं, तिथे चोर कोण आणि कशाचा, हे विचारायची गरजच उरत नाही.

शिवाय हा नियम लावायचाच ठरवला तर आपल्या घरापासून लावू या. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा अँडीज पर्वतातला, मिरचीही अमेरिकेचीच. तूप आणि जिरं सोडलं तर आपल्या सर्वांत सोवळ्या थाळीत बाकी सगळं कोलंबसनंतरचं. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मेक्सिकोचा. तिथे तो मृतांच्या सणाला, पूर्वजांना वाट दिसावी म्हणून थडग्यांवर वाहतात. आपण तोच शस्त्रांना आणि गाड्यांना वाहतो. आणि गोरखचिंच! आफ्रिकेच्या त्या जाडजूड झाडाला आपण थेट गोरखनाथांचं नाव देऊन टाकलं, त्याखाली पंथाच्या कथा रचल्या. हे सगळं आपल्यापर्यंत आलं कुणाच्या जहाजांतून? मिरची आणि काजू आणणारे पोर्तुगीज गोव्यात काय करत होते ते आपण शाळेत शिकलो आहोत. अमेरिका खंडातली राज्यं स्पॅनिश तलवारीखाली पडली नसती तर झेंडू आपल्या दारात आला नसता. मग आपण खिचडी टाकून द्यायची का? नाही. पण कॉर्नवॉलच्या माणसाला 'तू चोराचा वारस' म्हणायचं आणि आपण तोरण बांधून मोकळं व्हायचं, हे मात्र चालणार नाही.

याबाबतीत आपल्याला एक निवाडा ठाऊक आहे, आणि तो करवून घेण्यात एक मराठी माणूस पुढे होता. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या भारताच्या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. त्या भांडणाचं मर्म काय होतं? हळद अमेरिकेत गेली, तिथल्या दुकानात विकली जाते, कोणा अमेरिकन माणसाने परसात लावली, याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती, आमच्या आजीला माहीत असलेली गोष्ट 'आम्ही शोधली' असं लिहून देण्याची. वस्तू नेण्याची नव्हे, नाव पुसण्याची. लढाई जिंकली गेली ती जुने संस्कृत आणि इतर लिखित पुरावे पुढे ठेवून, म्हणजे कोणाला आधी माहीत होतं हे दाखवून. कॉर्नवॉलच्या बागांबद्दल नेमका हाच प्रश्न विचारायला हवा.

आता काकांकडे वळू. त्यांचं म्हणणंही मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांनी इंग्लंडचा नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकदाही काढला आहे, दुपारी चारला अंधार पडतो ते पाहिलं आहे, त्यांना मार्चमध्ये निष्पर्ण फांदीवर उमललेलं मॅग्नोलियाचं तळहाताएवढं गुलाबी फूल काय करतं ते ठाऊक असतं. बायको वारल्यानंतर काका एकटे राहतात. बागेत ते बाकावर बसतात आणि कोणी त्यांना काही विचारत नाही, हीच त्यांना बागेची किंमत वाटते. प्रत्येक झाडापाशी कोणी प्रवचन लावलं तर ते पुन्हा येणार नाहीत, आणि मीही येणार नाही. दुसरं, कॉर्नवॉल हा ब्रिटनमधल्या गरीब भागांपैकी एक. कथिलाच्या खाणी मिटल्या, चिनी मातीचा धंदा आटला, मासेमारी आक्रसली. सेंट ऑस्टेलजवळ अशाच एका वापरून संपलेल्या चिनी मातीच्या खाणीत २००१ साली ईडन प्रोजेक्टचे ते प्रचंड काचघरासारखे घुमट उभे राहिले. बागा या तिथे शोभेची वस्तू नाहीत, पोटापाण्याचं साधन आहेत. तिसरं, यांतल्या काही बागांत जपलेली झाडं मूळ गावी धोक्यात आहेत. केअरहेज या कॉर्नवॉलच्याच बागेतला मॅग्नोलियांचा संग्रह असा आहे. चीनमध्ये जंगल तुटल्यावर उद्या त्याची किंमत कळेल. त्या बागेच्या मालकाने जॉर्ज फॉरेस्टसारख्या संग्राहकांना पैसे पुरवले नसते तर हा साठा नसताच.

पण 'बागेत राजकारण नको' या वाक्याला कॉर्नवॉलच्याच बागा उत्तर देतात, आणि ते उत्तर मला निर्णायक वाटतं.

हेलिगनची बाग आज ज्या कथेवर चालते ती कथा काय आहे? पहिल्या महायुद्धाआधी तिथे बाहेरच्या कामाला वीस-बावीस माणसं होती. युद्धात माळी गेले, बरेच परतले नाहीत, बाग रानात बुडाली. १९९० साली टिम स्मिट आणि जॉन विलिस काटेरी झुडपं तोडत आत शिरले आणि माळ्यांच्या संडासाच्या एका पडक्या खोलीत भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या सह्या त्यांना सापडल्या. तारीख : ऑगस्ट १९१४. वर कोणीतरी चेष्टेने लिहिलेलं, इथे झोपा काढायला येऊ नका. या सह्यांनी ती बाग पुन्हा उभी केली. जमीनदाराच्या नव्हे, माळ्यांच्या नावाने ती १९९२ला लोकांसाठी उघडली आणि लोकांनी तिच्यावर जीव टाकला. संडासाच्या त्या खोलीपाशी मी धट्टीकट्टी माणसं डोळे पुसताना पाहिली आहेत. त्यातल्या कोणीही 'बागेत इतिहास कशाला' असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. ट्रेबात उतार संपतो तिथे समुद्रकिनारा आहे. १९४४च्या जूनमध्ये अमेरिकेच्या २९व्या डिव्हिजनचे साडेसात हजार सैनिक तिथून नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्याकडे निघाले. तिथे त्यांचं स्मारक आहे. हायड्रेंजियाचे निळे ताटवे ओलांडून आलेली कुटुंबं ते वाचतात, गप्प होतात, मग आइस्क्रीम घेतात. बागेची शांतता मोडत नाही. उलट त्या दहा ओळींनी ती घट्ट होते.

मग मला सांगा, माळ्याची सही हा वारसा, सैनिकाची शिळा हा वारसा, आणि सिक्कीम-दार्जिलिंगच्या लेपचा जमातीतल्या माणसाचं नाव मात्र राजकारण? हे कुठल्या तराजूत तोललं?

आणि लेपचा माणसं होती, हे हूकरच सांगतो. १८४८च्या ऑक्टोबरमध्ये तो पूर्व नेपाळकडे निघाला तेव्हा त्याच्यासकट ताफ्यात छप्पन्न माणसं होती. त्यांचा हिशोब त्याने काटेकोर दिला आहे : अंथरुणाला एक, कपड्यांच्या पेटीला एक, पुस्तकांना एक, वनस्पती वाळवण्याच्या कागदांना सात. वनस्पती गोळा करणाऱ्यांचा मुख्य हा लेपचा. शिवाय तीन लेपचा मुलं, झाडांवर चढायला आणि नमुन्यांचे कागद बदलायला. ओकच्या शेंड्यावर वाढणारं ते फूल खाली कसं आलं असेल याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. मुलांची संख्या नोंदली गेली, नावं नाहीत. हूकर दुष्ट माणूस नव्हता. मीपो नावाचा त्याचा लेपचा सोबती त्याच्या प्रवासवर्णनात वारंवार येतो आणि आपुलकीने येतो. पण नावं ठेवायची वेळ आली तेव्हा त्याला डलहौसीबाई आठवल्या, फॉल्कनर आठवला, हॉजसन आठवला. मीपो आठवला नाही. त्या काळची रीत होती, हे उत्तर तयार असतं. खरं आहे. पण हेलिगनच्या जमीनदाराच्या काळची रीतही माळ्यांची नावं न लिहिण्याचीच होती. ती रीत आपण मोडलीच ना?

'फुलाला देश नसतो' या वाक्याची आणखी एक बाजू आहे, जी बागेतल्या बाकावरून दिसत नाही. फुलाला देश नसतो तसा रोगालाही नसतो. १७६३च्या सुमारास ब्रिटनमध्ये आणलेला जांभळा ऱ्होडोडेंड्रॉन पाँटिकम कुंपणाबाहेर पडला आणि पश्चिमेकडच्या ओल्या जंगलांत इतका माजला की त्याच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही. आपल्याकडे शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने सह्याद्रीत जे केलं, तेच. त्याच झुडपावर वाढणारी एक बुरशीसारखी कीड २००२ साली ब्रिटनमध्ये सापडली. २००९मध्ये तिने नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या लार्च या सूचिपर्णी झाडांची जंगलं मारायला सुरुवात केली. तिची एक बहीण कॉर्नवॉलमध्येच प्रथम ओळखली गेली म्हणून शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं कर्नोव्हिए, म्हणजे कॉर्नवॉलच्या स्वतःच्या भाषेतल्या 'केर्नोव' या नावावरून. फूल साहेबाच्या पत्नीच्या नावाचं, रोग मात्र गावाच्या नावाचा! आणि ट्रेबातल्या तळ्याकाठची ती छत्रीएवढ्या पानांची गन्नेरा, जिच्याखाली उभं राहून प्रत्येक जण फोटो काढतो? ब्राझीलची निरुपद्रवी जात म्हणून सगळे ती दीडशे वर्षं लावत आले. २०२३च्या अखेरीस तपासणीत निघालं की ब्रिटनच्या बागांमधली ही बहुतेक झाडं चिलीच्या आक्रमक जातीशी झालेला संकर आहेत. आता ती विकायला आणि नव्याने लावायला बंदी आहे, असलेली पसरू न देण्याची जबाबदारी मालकाची. म्हणजे पाटीवरचं नाव चुकलं की नुसता इतिहास चुकत नाही, ओढ्याकाठही चुकतो. झाडं आणणाऱ्याने ती कुठून आणली, कुणाबरोबर आणली हे प्रामाणिकपणे लिहिणं हे शिष्टाचाराचं काम नाही, बागकामाचा तो पाया आहे.

यावर एक आक्षेप शिल्लक राहतो आणि तो मला सर्वांत खरा वाटतो : त्या तीन मुलांची नावं गेलीच आहेत, आता पाटीवर लिहिणार काय? नुसतं 'अनाम' लिहून अपराधीपणाची एक फॅशन होणार, दुसरं काय? शिवाय आपण भारतीय कुठल्या तोंडाने मागणार? मुंबईची राणीची बाग १८६२ सालची. तिथली उर्वशीची झाडं ब्रह्मदेशातून आली. ती कुणी आणली, कुणी जगवली, मेला तो माळी कोण, हे आपण कुठे लिहिलं आहे? हा टोला मला मान्य आहे, आणि तो झेलून मी म्हणतो, दोन्हीकडे लिहा. नाव हरवलं असेल तर हरवलं आहे असं लिहा. हेलिगनच्या भिंतीवरच्या सगळ्या सह्याही वाचता येत नाहीत. काही पुसट झाल्या आहेत. त्या पुसट रेषांपाशीच लोक जास्त वेळ उभे राहतात. ट्रेंगवेन्टनमध्ये नागा टेकड्यांतून आलेला मोठ्या पानांचा ऱ्होडोडेंड्रॉन मॅकेबियानम आहे. वनस्पती-संग्राहक फ्रँक किंग्डन-वॉर्डने १९२७-२८च्या मोहिमेत त्याचं बी आणलं आणि त्या मोहिमेला पैसे देणाऱ्यांत ट्रेंगवेन्टनचे बोलिथो होते. त्याचं नाव कुणाचं? नागा टेकड्यांचे डेप्युटी कमिशनर मॅकेब. त्या पानाखालची चंदेरी लव हाताला मऊ लागते. नागालँडच्या एखाद्या विद्यार्थ्याने तिथे येऊन त्या झाडाला त्याच्या गावात काय म्हणतात ते सांगितलं, तर ते नाव लिहायला पाटीवर जागा का नसावी? ते नाव अजून हरवलेलं नाही. बहुधा तिथल्या आजीबाईला विचारलं तर आज दुपारीच मिळेल.

परतीच्या प्रवासात शेवटी मी एका कागदावर त्या पाटीचा मजकूर लिहून पाहिला. ऱ्होडोडेंड्रॉन डलहौसिए. सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत ओकच्या फांद्यांवर वाढतो. १८४८मध्ये जोसेफ हूकर यांना सापडला, त्यांनीच शास्त्राला ओळख करून दिली. त्यांच्यासाठी झाडांवर चढणारी लेपचा मुलं होती, त्यांची नावं नोंदलेली नाहीत. फुलाला नाव आहे त्या वर्षीच्या गव्हर्नर जनरलच्या पत्नीचं. चार ओळी झाल्या. मुलीला दाखवला, ती म्हणाली फार सौम्य आहे. काकांना दाखवला, ते म्हणाले फार लांब आहे. साताऱ्याच्या काकूंनी चष्मा लावून सावकाश वाचला, पेन मागितलं, आणि 'गव्हर्नर जनरलच्या' या शब्दांवर बाण काढून वर लिहिलं : ज्यांनी सातारा खालसा केलं त्या.